पाळलेला पोपट आजारी आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की पोपट दोन दिवसांपासून गप्प आहे, दुपारीसुद्धा पिसं फुगवून झोपतो, पण खातोय. म्हणून घरचे म्हणतात की हवा बदललीय, होईल बरा. आणि तुम्हाला कळत नाहीये की हा आजार समजायचा की नुसता आळस.

आधी तुमच्या पोपटाचं सांगतो. वाट बघू नका, पक्षी तपासणाऱ्या डॉक्टरांना आजच दाखवा. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत दोन दिवस बघू म्हणायला बऱ्याचदा हरकत नसते, पोपटाच्या बाबतीत असते. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे आणि त्याच्यावर टपलेले शिकारी बरेच. थव्यातला जो मलूल दिसतो, त्याच्यावर आधी झडप पडते. त्यामुळे जोवर अंगात त्राण आहे तोवर तो ठणठणीत असल्यासारखाच वावरतो आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या पोपटाचीही ही खोड जात नाही. तुम्हाला तो मलूल दिसायला लागला याचा अर्थ आता त्याला लपवणं जमत नाहीये. आजार दोन दिवसांपूर्वीच सुरू झाला असेल असं धरून चालू नका.

हे लपवणं बघायचं असेल तर खोलीत न जाता दाराच्या फटीतून बघा. एकटा असताना आजारी पोपट दांडीवर खाली बसलेला दिसेल, पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट खाली. मग आवाज करत आत जा. पिसं झटकन अंगाला चिकटतात, मान ताठ होते, कधी एखादी शीळही येते. आपल्याला वाटतं, बरा आहे की! पाचेक मिनिटं काही न बोलता कोपऱ्यात बसून राहा. पिसं हळूहळू पुन्हा फुगतात आणि डोळे मिटायला लागतात. खरी अवस्था ती. आणखी एक बघा: निरोगी पोपट झोपताना बहुतेक वेळा एक पाय पोटात घेतो. दोन्ही पायांवर बसून, पिसं फुगवून दिवसा झोपणारा पोपट बरा नाही असंच मी समजतो. दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी येऊन बसला असेल तर प्रकरण फारच पुढे गेलेलं असतं, मग रात्र असली तरी धावपळ करायची.

आता ‘खातोय’ याबद्दल. या एका शब्दावर विसंबल्याने बरेच पक्षी दगावतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाटीपाशी जाणं म्हणजे खाणं नव्हे. आजारी पोपट सवयीने वाटीपाशी जातो, दाणा उचलतो, जिभेने फिरवतो, साल फोडतो आणि आतला दाणा खाली टाकतो. लांबून बघणाऱ्याला तो मजेत खाताना दिसतो. उलटही होतं, वाटी भरलेली दिसते पण वर नुसती टरफलं असतात. वाटीवर हलकी फुंकर मारा, टरफलं उडतील आणि खाली दाणे किती उरलेत ते कळेल. पिंजऱ्याच्या तळाशी फोडून टाकलेले दाणे दिसतायत का तेही बघा.

तरी खरं उत्तर वजनकाटाच देतो. पोपट पाळणाऱ्या प्रत्येकाकडे एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा काटा असावा असं माझं ठाम मत आहे. नवा पिंजरा, खेळणी, झुले सगळं नंतर. सकाळी उठल्यावर पहिली विष्ठा झाली की खायच्या आधी वजन करायचं, रोज त्याच वेळी, आणि वहीत लिहून ठेवायचं. काट्यावर छोटी दांडी ठेवली की बहुतेक पोपट लवकर शिकतात. पोपटांच्या जातींपैकी बजरीगर साधारण ३० ते ४० ग्रॅमचा असतो, कॉकटिल ८० ते १००, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५०० च्या आसपास. पण पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तुमच्या पक्ष्याचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. एक-दोन टक्के रोज खालीवर होतंच. उतार सलग दिसायला लागला की सावध व्हायचं आणि दहा टक्के उतरलं तर ते गंभीर आहे. बजरीगरच्या बाबतीत दहा टक्के म्हणजे तीन-चार ग्रॅम, डोळ्यांना ते कधीच दिसणार नाही, कारण वर पिसांचा कोट असतो. आज तुमच्याकडे आधीचा आकडा नसेल तर छातीवर मधोमध उभं हाड असतं, त्यावर अलगद बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड धारेसारखं हाताला लागत असेल तर पक्षी बरेच दिवस झिजतोय.

माझ्याकडची कॉकटिल मोठी झाल्यावर माझ्याकडे आली. आधीच्या घरी ती फक्त सूर्यफुलाच्या बियांवर वाढली होती. दिसायला चपळ, आवाज खणखणीत, वाटी रोज रिकामी. काट्यावर मात्र दर आठवड्याला थोडी थोडी उतरत होती. डॉक्टरांनी चोच उघडून बॅटरीच्या उजेडात आत दाखवलं तेव्हा टाळूवर पांढरे चट्टे होते. अ जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या बियांवर ठेवलेल्या पोपटांमध्ये ही नेहमी आढळते, कारण बियांमध्ये चरबी भरपूर पण अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. तोंडाच्या, नाकाच्या आतलं आवरण बिघडतं आणि जंतूंना वाट मिळते. तिचा आहार बदलायला वेळ लागला, पण बरी झाली. बाहेरून बघून हे मला कधीच कळलं नसतं.

रोज बघायची दुसरी गोष्ट म्हणजे विष्ठा. पिंजऱ्याच्या तळाशी साधा पांढरा कागद घाला, भुसा किंवा वाळू नको, त्यात काही दिसत नाही. पोपटाच्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा खडूसारखा भाग आणि भोवती थोडं पाणी. घट्ट भाग म्हणजे शौच, बाकीचे दोन मूत्राचे. रसाळ फळ खाल्लं किंवा पक्षी घाबरला तर पाणी वाढतं, ते जुलाब नव्हेत, काही तासांत पूर्ववत होतं. रंगीत खाद्याने घट्ट भागाचा रंग बदलतो, त्यानेही घाबरू नका. घाबरायचं ते पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला तर, तो बहुधा यकृताचा त्रास असतो. घट्ट भाग अगदी थोडा आणि गडद हिरवा येत असेल तर पोटात अन्नच जात नाहीये. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्तस्राव, ताजं लाल रक्त शेवटच्या भागातलं. आख्खे दाणे न पचता बाहेर पडत असतील तर पचनसंस्थेचा मोठा बिघाड आहे, एका विषाणूमुळे पोपटांमध्ये असा आजार होतो. दिवसभरात विष्ठा नेहमीपेक्षा कमी वेळा होत असेल तर तेही लक्षण. आणि शेपटीखालची पिसं चिकटलेली, घाण झालेली दिसली तर वाट बघायची नाही.

श्वासाच्या बाबतीत मी एक मिनिटही थांबत नाही. निवांत बसलेल्या पोपटाचा श्वास दिसतही नाही. प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली हलत असेल, चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, मान लांब करत असेल, श्वासाला घरघर येत असेल तर ताबडतोब दवाखाना. उडून आल्यावर किंवा उकाड्यात थोडा वेळ चोच उघडी राहते ते वेगळं. आवाज बदलणं, बोलणारा पोपट अचानक गप्प होणं, आवाज बसणं हेही श्वसनमार्गाकडे बोट दाखवतं. बुरशीचा संसर्ग पुष्कळदा इथेच सुरू होतो. आणि धरताना छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला, श्वास ओढणारा पडदा) नसतं, छातीचा पिंजरा हलला तरच हवा आत जाते. घट्ट धरलेला पक्षी हातातच गुदमरू शकतो.

बाकीचं थोडक्यात. नाकपुड्यांवरची पिसं ओली किंवा डागाळलेली, डोळ्याभोवती सूज, चोच भराभर वाढणं, बजरीगरच्या चोचीवर आणि पायांवर स्पंजासारखे खडबडीत थर (हा किडीचा त्रास, औषधाने जातो), तोल जाणं, झटके येणं, हे सगळं दाखवण्यासारखं. पिसं उपटली जात असतील तर कुठली ते बघा. छाती-मांडीची असतील तर पोपट स्वतः उपटत असेल, पण डोक्यावरची पिसं खराब होत असतील तर तिथे त्याची चोच पोचत नाही, मग कारण दुसरं शोधायला हवं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पाय फाकवून कुंथत बसली असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं आणि त्यात काही तासांत जीव जातो. एकटी मादीही नराशिवाय अंडी घालते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मांजराचा दात किंवा नख लागलं असेल तर जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी डॉक्टर, कारण मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याला मारक ठरतात.

काही गोष्टींना मात्र उगाच घाबरू नका. झोपेच्या आधी चोच करकर घासणं हे समाधानाचं लक्षण आहे. दिवसातून एक-दोन शिंका, जांभया, पिसं झाडताना येणारा पांढरा भुगा, हंगामात जुनी पिसं गळून नव्या पिसांच्या काड्या येणं, हे सगळं नेहमीचं. अशा हंगामात पोपट थोडा चिडका आणि झोपाळू होतो, पण त्याचं वजन फारसं उतरत नाही आणि कातडी उघडी पडत नाही. मान वरखाली करून आरशासमोर किंवा तुमच्यासमोर घास बाहेर काढणं हा लाडाचा प्रकार. डोकं झटकत उलटी करणं आणि चेहऱ्याच्या पिसांना अन्न चिकटलेलं असणं हा आजार.

डॉक्टर मिळेपर्यंत तुमच्या हातात ऊब आहे. फुगलेली पिसं म्हणजे पक्षी अंगातली उष्णता धरून ठेवतोय. त्याच्या शरीराचं तापमान मुळात ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं आणि ते टिकवण्यात आजारी पक्ष्याची सगळी ताकद जाते. पिंजऱ्याच्या तीन बाजू कापडाने झाका, एका बाजूने ऊब द्या, तिथे २९ ते ३२ अंश राहील असं बघा आणि दुसरी बाजू थोडी थंड ठेवा म्हणजे त्याला हवं तिथे सरकता येईल. चोच उघडून धापा टाकायला लागला आणि पंख अंगापासून दूर धरले तर ऊब जास्त झाली. दांडी खाली आणा, दाणापाणी चोचीच्या टप्प्यात ठेवा. त्याचं आवडतं जे असेल ते द्या, आहार सुधारायची ही वेळ नव्हे. बजरीगरसारख्या लहान पक्ष्याचा एक दिवसाचा उपासही जिवावर बेततो.

माणसांची औषधं देऊ नका. पिण्याच्या पाण्यात अँटिबायोटिक घालायचा सल्ला कुणी दिला तर तोही नको. आजारी पक्षी पाणी कमी पितो, चव बदलली तर आणखी कमी पितो, त्यामुळे पुरेशी मात्रा पोटात जात नाही आणि डॉक्टरांना पुढे तपासणीत जंतूही नीट सापडत नाहीत. चोचीत जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. घरात नॉनस्टिक तवा जास्त तापला होता का, फवारे मारले होते का, रंगकाम झालं का, हेही आठवा. तापलेल्या नॉनस्टिकच्या वाफेने पोपट काही मिनिटांत दगावतो, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

एक तुमच्यासाठी. पोपटांमधला सिटॅकोसिस नावाचा जिवाणूजन्य आजार माणसाला होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेल्याने तो पसरतो. तळाचा कागद कोरडा झाडू नका, आधी ओला करा, आणि हात धुवा. घरात कुणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला झाला तर आपल्या डॉक्टरांना घरात आजारी पोपट आहे हे आवर्जून सांगा. वेळेत कळलं तर औषधाने बरा होतो, पण पोपटाचा उल्लेख केला नाही तर साधा ताप समजून वेळ जातो.

जाताना पिंजरा धुऊन नेऊ नका. आजची विष्ठा पडलेला कागद तसाच घ्या, तो मलूल दिसत असतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घरीच काढून ठेवा, कारण दवाखान्यात तो पुन्हा ताठ बसेल. काय खातो, किती दिवसांपासून गप्प आहे, घरात नवा पक्षी आला का, हे लिहून न्या. पोपट छोट्या पिंजऱ्यात, वर कापड टाकून न्या. आणि निघण्यापूर्वी फोन करून विचारा की तिथे पक्षी तपासतात का, कारण बरेच पशुवैद्य फक्त कुत्री-मांजरं बघतात.