गुराब आणि गलबत कशी असत, आणि ती लढत कशी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गणपतीच्या देखाव्यात मराठा आरमाराची जहाजं दाखवायची तर गुराब आणि गलबत नेमकी कशी बनवायची, आणि एवढ्याशा जहाजांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस कसं आणलं. दोन्हींचं उत्तर एकाच जागी सापडतं, जहाजाच्या नाळेत, म्हणजे पुढे निघालेल्या टोकात.

आधी एक कळकळीची विनंती. मागे उंच महालासारखा भाग, दोन्ही कुशींना तोफांच्या दोन-तीन मजली रांगा आणि वर भगवा, असं चित्र सगळीकडे दिसतं. ते जहाज युरोपीय आहे, निशाण तेवढं आपलं लावलेलं. देखाव्यात ते ठेवू नका. आपल्या गोदीतल्या कारागिरांनी जे बांधलं ते याहून वेगळं होतं आणि जास्त विचार करून बांधलेलं होतं.

मराठा आरमाराचे प्रमुख असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांचं सगळ्यात तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने केलं आहे. त्यानुसार गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची असे. दोन डोलकाठ्यांची साधारण १५० टनांपर्यंत, तीनची ३०० टनांपर्यंत. लांबीच्या मानाने ती रुंद, पण मध्यापासून पुढे निमुळती होत जाणारी. पुढे फुगीर छाती नाही. त्याऐवजी लांब, सपाट नाळ पाण्यावर पुढे आलेली असते आणि तिच्यावर मुख्य डेकच्या पातळीतच मजबूत डेक. नाळ जिथे जहाजाच्या मुख्य भागाला मिळते तिथे आडवी लाकडी भिंत, भिंतीला दोन भोकं आणि त्यामागे ९ ते १२ पौंडी गोळा टाकणाऱ्या दोन तोफा, थेट पुढे रोखलेल्या. कुशींवरच्या तोफा त्याहून हलक्या, ६ ते ९ पौंडी.

देखाव्यात चुकते ती जागा इथेच आहे. नाळेच्या डेकला कठडा लावू नका. लांब नाळेमुळे समोरून लाटा आल्या की गुराब जोरात डोके आपटते आणि नाळेवर पाणी चढतं. कठडा असता तर ते पाणी अडून पुढचा भाग जड झाला असता. उघड्या डेकवरून ते लगेच वाहून जातं.

तोफा पुढे ठेवण्यामागचं कारण माझ्या समजुतीप्रमाणे असं. कुशीवरची तोफ उडाली की धक्का जहाजाच्या रुंदीवर बसतो आणि हलकं जहाज कलतं. पुढची तोफ उडाली की तोच धक्का तळातल्या कण्याच्या लांबीवर पसरतो. म्हणून तुलनेने हलक्या जहाजावर १२ पौंडी तोफ पेलता येते. शिवाय शत्रूकडे तोंड करून येणारं निमुळतं जहाज त्याच्या गोलंदाजाला फार थोडं लक्ष्य देतं.

गलबत याच घडणीचं, पण लहान, क्वचितच ७० टनांच्या वर. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी किरकोळ. मोठ्या डोलकाठीवर एकच मोठं तिकोनी शीड, त्याचं टोक डोलकाठीच्याही बरंच वर गेलेलं. लहान गलबताचं डेक वजन वाचवण्यासाठी फोडलेल्या बांबूंचं असे आणि काठावर फिरत्या खुंटीवर छोट्या तोफा. मोठ्या गलबताला पक्कं डेक आणि २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा. खरी ताकद मात्र ४०-५० मजबूत वल्ह्यांची. वारा पडला तरी गलबत तासाला चार मैल जाई. तुमच्या गलबताला वल्ही नसतील तर ते गलबतच नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता लढाई. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं खाडीच्या तोंडाशी दडून असत. मोठं जहाज दिसलं की बाहेर पडत. वारा असला तर शिडं, नसला तर गलबतं दोर लावून गुराबांना ओढत नेत. मग सगळा ताफा शत्रूच्या पिछाडीला जमा होई. पिछाडीलाच का? युरोपीय जहाजाच्या तोफा दोन्ही कुशींना, मागच्या बाजूला मोजक्याच. आणि मंद वाऱ्यात त्याला वळून कूस दाखवता येत नाही, कारण सुकाणूला काम करायला जहाजाला गती लागते. वल्ह्यांवरचं गलबत तेवढ्यात जागा बदलून पुन्हा मागे येतं.

पहिले गोळे डोलकाठ्यांवर. मागून बघताना एकामागे एक दडलेल्या शत्रूच्या तिन्ही डोलकाठ्या नुकत्या शेजारी-शेजारी दिसू लागतात, तो क्षण गोलंदाज गाठत. एकीला चुकलेला गोळा शेजारच्या दिसणाऱ्या दुसरीला लागू शकतो. डोलकाठी उंच असल्याने लाटेवर तोफ थोडी वर-खाली झाली तरी चालतं. डोलकाठ्या पडल्या की जहाज जागेवर अडकलं. मग जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा, आणि तरी शरण आलं नाही तर गलबतांतून माणसं तलवारी घेऊन चढत. ऑर्म एकेका गलबतात दोनशे-तीनशे माणसं सांगतो. इतक्या दाटीत पिण्याचं पाणी आणि शिधा ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे हे काम किनाऱ्याजवळ, काही तासांत उरकण्याचंच होतं.

म्हणूनच खाडी, किल्ला आणि जहाज हे तिन्ही मिळून एक हत्यार होतं असं मी मानतो. पहाटे जमिनीकडून वाहणारे मतलई वारे बाहेर काढत, दुपारनंतरचे खारे वारे घरी आणत. अंगावर बेतलं तर उथळ तळाचं जहाज खाडीत शिरे, जिथे खोल तळाचं जहाज मागे येऊच शकत नाही. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर तटबंदी उभारत होता तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी हेच अनुभवलं. त्यांची मोठी जहाजं बेटाभोवती पहारा देत असतानाही रात्री लहान होड्या उथळ पाण्यातून सामान पोचवत राहिल्या. त्या ऑक्टोबरच्या लढाईत 'डव्ह' हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागलं.

हे सगळं योगायोगाने झालेलं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमाराचं वेगळं प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत. वाऱ्याशिवाय निरुपयोगी ठरणारी थोर जहाजं बांधूच नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा, म्हणजे आरमाराची एक तुकडी. खलाशांचा पगार मुलखाच्या वसुलातून ठरवून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर लावू नये, नाहीतर आरमाराचे लोक व्यापाऱ्यांना छळतील आणि बंदरच बसेल. लाकडासाठी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. पावसाळी छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये. जहाजावर काम न केलेल्या माणसाला सुचणार नाहीत अशा या सूचना आहेत.

जहाजांवरची माणसं कोळी, भंडारी, गाबीत, आणि किनाऱ्यावरचे मुसलमान दर्यावर्दी. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या दोन प्रमुख सरदारांपैकी एक दर्यासारंग, दुसरा मायनाक. पावसाळ्यात आरमार खाडीत बांधलेलं असे. उधाणाच्या भरतीला जहाज वर घेऊन तळ खरवडायचा, फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि राळ ठासायची, तळाला चुना आणि तेलाचं मिश्रण चोपडायचं. हे चुकलं तर दोन गोष्टी होतात: लाकडात किडा शिरतो आणि शेवाळ-कालवं चिकटून वेग जातो. पाठलागावर जगणाऱ्या आरमाराला दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथे जुन्या गोदीचे अवशेष आजही दिसतात. देखावा करण्याआधी जमलं तर ते बघून या.

मग हे संपलं कसं? १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर जेम्स ४४ तोफांच्या 'प्रोटेक्टर'मधून सुवर्णदुर्गाजवळ तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यामागे लागला, तेव्हा खलाशांनी जड सामान समुद्रात फेकलं आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक पकडायला अंगातले कपडे आणि पागोटीसुद्धा वर टांगली. ताफा निसटला. उघड्या पाण्यात पळण्यात ही माणसं शेवटपर्यंत सरस होती. पण १२ फेब्रुवारी १७५६ रोजी इंग्रज ॲडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गाच्या खाडीतच शिरलं, जमिनीवर पेशव्यांची फौज होती, आणि आंग्र्यांची जहाजं किल्ल्याखाली एकमेकांना बांधलेली होती. एका गोळ्याने एक जहाज पेटलं आणि तासाभरात सगळा ताफा जळाला. उथळ खाडीचं संरक्षण खोल तळाच्या जहाजाला आत येता येत नाही यावर उभं होतं. विजयदुर्गाच्या तोंडाशी पाणी खोल आहे, तिथे ते चाललं नाही. आपल्याच पेशव्यांनी आपलं आरमार जाळायला मदत केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

पद्धत मात्र त्यानंतरही टिकली. विजयदुर्गातूनच पेशव्यांचा सरदार आनंदराव धुळप याने ८ एप्रिल १७८३ रोजी रत्नागिरीजवळ 'रेंजर' हे इंग्रजी जहाज गाठलं, माणसं चढवली आणि हातघाईच्या लढाईनंतर ते पकडून विजयदुर्गास नेलं.