पाइनच्या पानांचा काढा घरी करून प्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात तुमच्या लेआउटमध्ये मोरपंखी आहे, एक ‘ख्रिसमस ट्री’ आहे, पाइनच्या पानांत भरपूर व्हिटॅमिन सी आणि अँटिऑक्सिडंट असतात असं रीलमध्ये पाहिलं, तर ही पानं उकळून घ्यावीत का?

नका घेऊ. पाइनमध्ये दम नाही असं नाही, पण तुमच्या दारात पाइनच नाही. मोरपंखी थुजाच्या कुळातली. थुजाच्या पानांत थुजोन नावाचं रसायन असतं आणि ते जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. ख्रिसमस ट्री म्हणून नर्सरीवाले देतात ते बहुतेक वेळा अरौकारिया. आणि पाइनसारखा दिसणारा सुरू तर सूचिपर्णीसुद्धा नाही. त्याची ‘सुई’ दोन्ही टोकांना धरून ओढा, पेरापेरावर सुटते. म्हणजे ती बारीक डहाळी आहे, पान नव्हे. खऱ्या पाइनच्या सुया जुडीने येतात, हिमालयातल्या चीड आणि चिलगोजा या पाइनच्या तीन-तीन, बुडाशी एकत्र बांधलेल्या.

आता मूळ दावा. तो हवेतला नाही. 1535-36 च्या हिवाळ्यात आजच्या क्वेबेकजवळ जाक कार्तिए या फ्रेंच दर्यावर्दीचे खलाशी स्कर्व्हीने, म्हणजे व्हिटॅमिन सी न मिळाल्याने होणाऱ्या रोगाने, मरत होते, तेव्हा तिथल्या मूळ रहिवाशांनी एका सूचिपर्णी झाडाची साल आणि पानं उकळून द्यायला शिकवलं आणि माणसं उठून बसली. दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये पाइनच्या सुयांचं पाणी लोकांना पाजलं जायचं. पण दोन्हीकडे खायला दुसरं काही नव्हतं हो! आपल्याकडे संत्री आहेत, आणि आवळा तर संत्र्याच्या कित्येक पट पुढे.

अँटिऑक्सिडंटचं म्हणाल तर मी फूड लॅबमध्ये काम करतो, ही चाचणी नेहमीची आहे. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं. त्यात अर्क टाकायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं. अर्कात जोर असेल तर जांभळा रंग उडून पिवळट होतो. पाइनच्या सालीत टॅनिन आणि प्रोसायनिडिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं खच्चून भरलेली, त्यामुळे तिचा निकाल झकास येणारच. मात्र अर्क पुष्कळदा मिथेनॉलमध्ये काढलेला असतो आणि मिथेनॉल हे विष आहे. शिवाय नळीत रंग उडाला म्हणजे शरीरातही तसंच घडेल असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने असल्याच आकड्यांचा, म्हणजे नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीच्या ओआरएसी मूल्यांचा, तक्ता 2012 मध्ये याच कारणाने वेबसाइटवरून काढून टाकला.

फ्रान्सच्या सागरी पाइनच्या सालीच्या अर्काच्या गोळ्या महाग विकल्या जातात. कॉक्रेन ही संस्था औषधोपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या 2020 च्या आढाव्यात या अर्काचा दमा, मधुमेह वगैरेंसाठी पुरेसा पुरावा आढळला नाही. तरी साल, सुया, शंकू लाकूड कापल्यावर टाकूनच दिले जातात, तेव्हा त्यांवर संशोधन व्हावंच. उत्तराखंडात चीडच्या वाळक्या सुयांना पिरूल म्हणतात. उन्हाळ्यात वणवा पेटवण्यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग होत नाही, थोड्याफार सुयांच्या कांड्या करून जाळतात.

डोंगरात फिरायला गेलात तरी दिसेल ते सूचिपर्णी तोंडात टाकू नका. थुनेर नावाचं झाड तिथे आहे. त्याच्या पानातल्या टॅक्सिनने हृदय बंद पडतं. गंमत म्हणजे टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध याच वंशातलं.

खायचंच असेल तर चिलगोजा खा. तो हिमाचलातल्या किन्नौरच्या पाइनचं बी, वजनात जवळपास निम्मं तेल. भाव ऐकून घाम फुटेल. जवळजवळ सगळे शंकू उतरवले जातात, म्हणून जंगलात नवी रोपं फारशी उगवतही नाहीत. इतवारीत घेताना सालीसकट घ्या, एक फोडून हुंगा, खवट वास आला तर सोडून द्या. आणि आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात तो बरणीत ओट्यावर ठेवू नका, सरळ फ्रिजमध्ये टाका.