इंग्रजीत वाढलेल्या माणसाने जपानी आणि कोरियन उच्चार कसे शिकावेत?

तुम्ही विचारलंय: ‘मी अमेरिकेत वाढलो. घरात मराठी ऐकली, थोडीफार बोलतोही, पण जीभ इंग्रजीचीच आहे. जपानी आणि कोरियन दोन्ही शिकायच्या आहेत. कुठल्या भाषेचे उच्चार आधी जमतील आणि सुरुवात कुठून करू?’

जपानीचे आधी जमतील. कोरियनला मुळात कानच तयार व्हावा लागतो आणि त्याला महिने जातात. मी पुण्यात जपानी शिकले, नंतर काही वर्षं नागोयात दुभाषी म्हणून काम केलं आणि कोरियन चाळिशी उलटल्यावर हातात घेतली. एवढ्या वर्षांनंतर मी तुम्हाला कळकळीने सांगेन की रोमन अक्षरांतून शिकू नका. रोमन अक्षर दिसलं की जीभ आपोआप इंग्रजीकडे वळते. तुमच्या कानात जी मराठी आहे, तिचा आधार घ्या.

इंग्रजीची सवय अशी, की शब्दातल्या एका भागावर जोर द्यायचा आणि बाकीचे स्वर गिळायचे. म्हणून ‘काराओके’चं ‘कॅरिओकी’ होतं. जपानीत कुठलाच स्वर असा पुसट करायचा नसतो. प्रत्येकाला त्याचा वेळ द्यायचा, आणि तो वेळ मात्रांनी मोजायचा. आई किंवा आजी मराठी शाळेत शिकल्या असतील, तर त्यांना लघु-गुरू विचारा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, जोडाक्षराचा आघात ज्यावर येतो त्या अक्षराच्या दोन. जपानीचा हिशेब जवळजवळ हाच. ‘निप्पोन’ म्हणजे नि-प्-पो-न्, चार मात्रा. टोकियो खरं तर ‘तोऽक्योऽ’ आहे, त्याच्याही चार. इंग्रजी बोलणारा ‘टो-की-ओ’ असे तीन तुकडे करतो आणि दोन्ही दीर्घ ओकार हरवून बसतो. हायकूतले पाच-सात-पाच मोजतात तेही याच मापाने.

आमच्या बाई प्रत्येक मात्रेला टेबलावर बोट आपटायला लावायच्या. तेव्हा कंटाळा यायचा, पण त्याचा उपयोग पुढे नोकरीत रोज झाला. ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. ‘ओबासान’ ही मावशी-आत्याच्या वयाची बाई, ‘ओबाऽसान’ ही आजी. इथे चूक झाली की नुसता उच्चार बिघडत नाही, शब्दच बदलतो.

मराठी एका ठिकाणी मात्र दगा देते. आपल्याकडे ए आणि ओ छंदात नेहमी गुरू, त्यांना ऱ्हस्व रूप नाही. जपानीत दोन्ही रूपं आहेत. ‘कोको’ म्हणजे इथे, ‘कोऽकोऽ’ म्हणजे हायस्कूल. शिवाय शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण सवयीने लांबवतो. ‘सुशि’ची आपण केलेली ‘सुशी’ जपानी कानाला लांब वाटते.

काही गोष्टी मात्र मराठीत आयत्या मिळतात. जपानी र हा आपला साधा र, जीभ एकदाच टेकवून सोडलेला. इंग्रजीसारखी ती मागे वळवायची नाही. त्सुनामीतला ‘त्सु’ इंग्रजी बोलणाऱ्यांना जमत नाही, ते ‘सुनामी’ म्हणून मोकळे होतात. तुम्ही ‘चूल’ किंवा ‘चुलता’ म्हणून पाहा. तोच हा च, फक्त ओठांचा चंबू न करता. आणि जपानीतला शब्दाच्या मध्ये येणारा ‘न्’ म्हणजे चक्क आपला अनुस्वार आहे. ‘शिंबुन’ म्हणजे वर्तमानपत्रात त्याचा म् होतो, ‘तेंकि’ म्हणजे हवामानात तो गंगेतल्यासारखा कंठातून येतो. हजार येनला मात्र ‘सेनेन’ म्हणू नका. तिथे ‘सें-एन’ असा नाकातून जाणारा सूर हवा, जीभ टाळूला लागता कामा नये.

सुरांचे चढउतार (तोक्योत ‘हाशि’चा सूर पहिल्या अक्षरानंतर उतरला तर जेवायच्या काड्या, दुसऱ्यावर चढला तर पूल) पहिल्या वर्षी नुसते ऐकत राहा. ओसाकाकडे ते वेगळेच आहेत.

आता कोरियन. इथली खरी चढण एकच आहे: क, त, प, च या प्रत्येक ठिकाणी तीन-तीन आवाज. ‘पुल’सारखे ऐकू येणारे तीन शब्द आहेत, त्यांचे अर्थ आग, गवत आणि शिंग. गवताचा प महाप्राण आहे, म्हणजे हवेचा झोत येतो. शिंगाचा प घट्ट आवळलेला, हवा अजिबात नाही. मराठीतला ‘पाय’मधला प त्याच्या बराच जवळ जातो. आगीचा प या दोहोंच्या मधला, सैल. तो शब्दाच्या सुरुवातीला प वाटतो आणि दोन स्वरांमध्ये आला की ब होतो. एकाच शहराचं नाव कधी पुसान, कधी बुसान लिहिलेलं दिसतं ते यामुळेच. 2000 साली कोरियन सरकारने रोमन लिखाणाचे नियम बदलले आणि बुसान रूढ झालं.

इंग्रजी बोलणाऱ्याची अडचण अशी, की शब्दारंभीचा प तो नेहमी हवा सोडूनच म्हणतो. माझी न्यू जर्सीत वाढलेली भाची ‘काका’ म्हणते तेव्हा मला ‘खाखा’ ऐकू येतं. तळहात तोंडासमोर धरा आणि इंग्रजी ‘पिन’ आणि ‘स्पिन’ म्हणा. दुसऱ्या शब्दात झोत लागत नाही. तो प तुमच्या तोंडात आहेच, तो सुटा करायला शिका. आईबरोबर का-खा, ता-था म्हणत बसा, याहून चांगला सराव मला माहीत नाही. सैल आवाजासाठी आणखी एक खूण लक्षात ठेवा: सोलची तरुण मंडळी सैल आणि महाप्राण यांतला फरक बऱ्याच अंशी सुरावर करतात. सैलानंतरचा स्वर खालच्या पट्टीत, महाप्राणानंतरचा वरच्या. मी हवेचाच झोत शोधत राहिले, म्हणून माझं एक वर्ष वाया गेलं.

शब्दाच्या शेवटी आलेला प फोडायचा नाही. ‘बिबिंबाप’ म्हणताना शेवटी ओठ मिटले की शब्द संपला.

उच्चार लिखाणाप्रमाणे होत नाहीत म्हणून लोक वैतागतात, पण मला तर कोरियनचा हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. ‘हान्गुक’ म्हणजे कोरिया, ‘माल’ म्हणजे भाषा. एकत्र म्हणताना होतं ‘हान्गुङ्माल’. आपल्याकडे वाक् + मय = वाङ्मय होतं तसंच हे. ‘काम्साहाम्निदा’ म्हणजे धन्यवाद, त्यातला दुसरा म् लिहिताना प् असतो. ‘सिन्-ला’ लिहिलेल्या प्राचीन राज्याचं नाव ‘शिल्ला’ म्हणतात, आपण तत् + लीन = तल्लीन म्हणतो त्याच चालीवर. पाठ करण्याची गरजच पडत नाही, भरभर म्हणा, तोंड आपोआप तिथेच जातं.

हान्गुल लिपी आठवड्याभरात वाचता येते, त्यामुळे रोमनची गरज पहिल्याच आठवड्यात संपते. 1446 मध्ये राजा सेजोंगने ती जाहीर केली. तिच्यात क-चा आकार जिभेचं मूळ घसा अडवतं तसा आहे, आणि त्यातच एक रेघ वाढवली की महाप्राण होतो. लिहितानाच तुम्हाला उच्चाराची आठवण राहते.

आग, गवत, शिंग यांतला एकेक शब्द उलटसुलट क्रमाने, एकूण वीस वेळा, फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि एखाद्या कोरियन मित्राला पाठवा. त्याला फक्त काय ऐकू आलं ते क्रमाने लिहायला सांगा, तुमचा क्रम आधी सांगू नका. वीसपैकी पंधरा जुळले की पुढच्या धड्याला लागा.