मुलगी एच-४ वर (नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आहे, आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरलाय, ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. अमेरिकेत मेडिकलला अर्ज करता येईल का?

हो, अर्ज करता येतो; पण कार्ड मंजूर होईपर्यंत बहुतेक कॉलेजांच्या लेखी ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थीच, नुसता आय-४८५ भरल्याने कायम रहिवासी ठरत नाही. असे अर्ज कोण घेतं हे एएएमसी या अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या ‘एमएसएआर’ या ऑनलाइन माहितीसंग्रहात कॉलेजवार दिलेलं असतं, यादी तिथूनच काढा. बरीच सरकारी कॉलेजं फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच घेतात, तिथे अर्जाची फी वाया जाते. एएमकॅसच्या (मेडिकल कॉलेजांसाठीच्या सामाईक अर्जाच्या) फॉर्ममध्ये आजची खरी स्थितीच भरा; ‘महिन्याभरात येईलच’ म्हणून कायम रहिवासी लिहू नका, प्लीज.

खरी अडचण पैशांची. कार्डाशिवाय फेडरल कर्ज मिळत नाही, खासगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहकर्जदार लागतो, आणि काही कॉलेजं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याकडून वर्षाची, कधी तर चारही वर्षांची फी आधीच एस्क्रो खात्यात (फीसाठी राखून ठेवलेल्या, तिऱ्हाइताकडच्या खात्यात) ठेवून घेतात. एवढी तजवीज आत्ताच बघा.

मात्र वर्ग सुरू होईपर्यंत कार्ड आलं तरी चालेल, असं म्हणणारी कॉलेजंही आहेत. त्यांच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला ईमेल करून उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या होकारावर विसंबू नका.