तुझं पुराचं चित्र आणि तो 'फील'

अगं, तुझं पुराचं चित्र व्हॉट्सॲपवर दोनदा झूम करून बघितलं, रंग झकास लागलेत, वादच नाही. पण छपरावरची माणसं नुसते ठिपके का गं, असं विचारलं तर तू म्हणतेस, "सर, मी रोमँटिक स्कूलची, फील आला तसं मारलं." तिथेच माझं डोकं सटकलं. (आपल्याकडे रोमँटिक म्हटलं की लोकांना कँडललाइट डिनर आठवतं, तू भावनेला पुढे ठेवणाऱ्या त्या जुन्या युरोपियन चित्रांपर्यंत पोचलीस हेच नशीब.)

झेरिको हा फ्रेंच चित्रकार त्याच रोमँटिक स्कूलचा, त्याचं 'मेड्यूसाचा तराफा' हे चित्र मोठं करून बघ. 1816 मध्ये मेड्यूस हे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं, होड्या पुरेनात म्हणून दीडशेच्या आसपास माणसं एका तराफ्यावर कोंबली आणि पुढे होडीवाल्यांनी ओढायचा दोरच सोडून दिला. 13 दिवसांनी सापडली तेव्हा 15 जिवंत. झेरिको तेव्हा पंचविशीतला, त्याने वाचलेल्यांना गाठून खोदून खोदून विचारलं, त्यांच्यातल्याच सुताराकडून तराफ्याचं मॉडेल करून घेतलं, मेलेल्या माणसांचे हातपाय स्टुडिओत आणून काढत बसला, वर डोकंही भादरून घेतलं. तराफ्यावरची मारामारी, माणसं खाणं, सगळ्याची स्केचेस केली आणि बाजूला ठेवली. शेवटी घेतलं काय, तर लांब एक गलबत दिसतं तो क्षण. 23 फूट रुंद चित्रात ते गलबत जेमतेम टिकलीएवढं, आणि सगळ्यात वर फडकं हलवणारा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा. चेहरा दाखवलाच नाही पठ्ठ्याने! आता इतके दिवस उपाशी असलेली माणसं एवढी पैलवान कशी, हे मला अजून पटत नाही, पण ते असो.

इंग्रजीतला रोमँटिक कवी वर्डस्वर्थ, त्याचंही तेच. भावना उचंबळून येते तीच कविता, एवढं अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ, पण तोच पुढे म्हणतो की त्या माणसाने आधी खूप विचार केलेला असावा लागतो, आणि भावना नंतर शांतपणे आठवावी लागते. आपल्या केशवसुतांनी 'तुतारी' फुंकली, तशी इंग्रजीतली चौदा ओळींची चौकटही, म्हणजे सॉनेट, मराठीत आणून तिच्यात स्वतःला बसवलं.

तुझी आजी त्या पुरात छपरावर बसली होती म्हणालीस ना? तिला विचार, पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, हातात काय धरलं होतं, बोट आधी कुणाला दिसली. रविवारी पेन्सिलची दहा स्केचेस घेऊन ये, रंगाची पेटी घरीच ठेव.