हात लागला, शिट्टी नाही वाजली: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात विचारलं होतं की नॉकआउट (हरलं की बाहेर) मॅचमधला रेफरीचा कुठला निर्णय तुम्हाला अजून खुपतो. त्यावर आलेल्या पत्रांमधली काही इथे घेतलीयत. शिव्या तेवढ्या गाळल्यात, बाकी भाषा तुमचीच.

प्रश्न: सर, आमच्या तालमीत सगळी पोरं ब्राझील नाहीतर अर्जेंटिनावाली, जर्मनीचे आम्ही मोजकेच. युरो २०२४ च्या क्वार्टर फायनलला स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला बॉल लागला, अख्ख्या जगानं बघितलं, रेफरीनं तेवढं बघितलं नाही. पोरं अजून चिडवत्यात. पेनल्टी होती का नव्हती एकदाच सांगून टाका.
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: होती. पण ‘रेफरीनं बघितलं नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही आणि त्यातच सगळी गोम आहे.

५ जुलै २०२४, स्टुटगार्ट, एक्स्ट्रा टाइम, स्कोअर १-१, १०६वं मिनिट. जर्मनीच्या मुसियालानं बॉक्सच्या टोकावरून शॉट मारला, बॉल गोलकडे निघालेला, वाटेत कुकुरेया, त्याचा डावा हात बाजूला खाली सोडलेला आणि बॉल सरळ त्या हातावर. रेफरी अँथनी टेलरनं लगेच हातानं खूण केली की खेळ चालू ठेवा. म्हणजे त्याला दिसलं होतं, दिसूनही त्याच्या मते तो गुन्हा नव्हता, आणि व्हीएआरनंही (व्हिडिओ बघून रेफरीला कानात सांगणारे सहायक) त्याला स्क्रीनपाशी बोलावलं नाही. नियम असा आहे की खेळाडूनं मुद्दाम हात लावला किंवा हात अशा ठिकाणी ठेवला की अंग नैसर्गिकपणे असतं त्याहून मोठं झालं, तर हँडबॉल. आता ‘नैसर्गिक’ कशाला म्हणायचं हे ठरवायला युएफानं (युरोपच्या फुटबॉल संघटनेनं) टूर्नामेंटआधी रेफरींना सूचना दिल्या होत्या, आणि त्यात शरीरालगत खाली असलेला किंवा मागे जाणारा हात सहसा माफ होता. टेलरनं शिकवलेलं लावलं. माझ्या मते मात्र शॉट सरळ गोलकडे चाललाय आणि तो हातानं अडलाय, एवढं असल्यावर हात खाली होता की मागे जात होता याला फार किंमत देऊ नये. पुढे सप्टेंबरमध्ये युएफाच्या रेफरी कमिटीनंही मान्य केलं की तिथे पेनल्टी द्यायला हवी होती. सप्टेंबरमध्ये! तोवर मेरिनोच्या ११९व्या मिनिटाच्या हेडरनं स्पेन २-१ जिंकून, पुढे कप उचलून घरी गेलं होतं आणि जर्मनीचा टोनी क्रूस रिटायर झाला होता.

मला राग येतो तो या उशिराचा. निर्णय चुकला, माणूस आहे, चुकणार. पण त्या रात्री कुणीतरी माइकवर येऊन ‘आम्ही हँडबॉल का दिला नाही, हे कारण’ असं दोन वाक्यांत सांगितलं असतं तर म्युनिकच्या सेमीफायनलला आणि बर्लिनच्या फायनलला जर्मन फॅन्सनी कुकुरेयाला बॉल आला की हुर्यो उडवली तेवढी उडवली नसती असं मला वाटतं, कारण त्या पोराचा काय दोष, त्यानं ना हात वर केला ना रेफरीला फसवलं. हे करता येतं हो! २०२३ च्या महिला वर्ल्ड कपला रेफरी व्हीएआर बघून आल्या की स्टेडियममध्ये माइकवर निर्णय सांगायच्या.

आणि दादा, तालमीतल्या पोरांनी अजून आठवण करून दिली नसेल तर मी देतो. त्याच टूर्नामेंटमध्ये २९ जूनला डॉर्टमुंडला डेन्मार्कच्या अँडरसनच्या हाताला जर्मनीच्या राउमचा क्रॉस लागला, बॉलमधल्या सेन्सरचा आलेख स्क्रीनवर आला आणि हावर्ट्झनं पेनल्टी मारली. तो हातही मुद्दाम लावलेला नव्हता. तेव्हा आपण जर्मनीवाले नाचलोच की.

प्रश्न: त्याच मॅचमध्ये डेन्मार्कचा गोल बुटाच्या टोकापुरत्या ऑफसाइडवर रद्द केला. गोल झाल्यावर आता ओरडायचीसुद्धा भीती वाटते, आधी रेषा काढतील मग सांगतील. यापेक्षा व्हीएआर नव्हतं तेच बरं होतं, असं मला आणि माझ्या मित्रांना वाटतं. तुम्हाला?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: ओरडण्याबद्दल सोळा आणे पटलं. गोल झाल्यावर लगेच लाइन्समनकडे बघायचं, मग रेफरीच्या कानाकडे बघायचं, मग ओरडायचं, यात काय मजा आहे. अँडरसनच्या त्या गोलला डिलेनीच्या बुटाचं टोक जर्मनीच्या बचावफळीच्या पुढे होतं आणि डेन्मार्कचे कोच ह्युलमंड नंतर मोबाइलवर तो फोटो पत्रकारांना दाखवत होते, त्यांचा चेहरा आठवला की वाईट वाटतं. नियमाप्रमाणे मात्र तो निर्णय बरोबरच होता. ‘ढळढळीत चूक असेल तरच व्हीएआर’ ही अट मताच्या निर्णयांना आहे, फाऊल होता का, हँडबॉल होता का वगैरे. ऑफसाइडमध्ये कोण कुठे होतं ती जागा मोजता येते म्हणून तिथे थोडं आणि जास्त असा भेद नाही.

पण ‘तेच बरं होतं’ म्हणताना २७ जून २०१० आठवा. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला इंग्लंड-जर्मनी सुरू झाली. जर्मनी २-१ पुढे, इंग्लंडच्या लॅम्पार्डचा शॉट बारला लागून खाली रेषेच्या चांगला आत पडला आणि बाहेर आला, आपल्याला इथे टीव्हीवर दिसलं पण उरुग्वेचे रेफरी लारिओंदा आणि त्यांच्या लाइन्समनला दिसलं नाही, इंग्लंड पुढे ४-१ हरलं. त्याच रात्री बारा वाजता अर्जेंटिना-मेक्सिको. अर्जेंटिनाच्या तेवेझनं हेडर मारला तेव्हा तो सरळसरळ ऑफसाइड होता, गोल दिला गेला आणि मग स्टेडियमच्या मोठ्या स्क्रीनवर रिप्ले लागला! मेक्सिकोचे खेळाडू स्क्रीनकडे बोट दाखवतायत, रेफरी रोसेट्टी लाइन्समनपाशी जाऊन बोलतायत, प्रेक्षकांना चूक दिसलीय, पण रिप्ले बघून निर्णय बदलायची नियमात सोयच नव्हती. गोल कायम राहिला, मेक्सिको ३-१ हरलं. त्या दिवशी मैदानात खरं काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं आणि निर्णय घेणाऱ्याच्याच हातात काही नव्हतं. मला ते परत नकोय. फिफाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर त्यानंतर माफी मागून गोललाइन टेक्नॉलॉजीच्या (बॉल रेषेपार गेला का हे यंत्रानं सांगायच्या) बाजूनं बोलायला लागले, २०१२ मध्ये तिला मंजुरी मिळाली आणि २०१४ च्या वर्ल्ड कपला ती वापरली.

तेच रोसेट्टी पुढे युएफाच्या रेफरींचे प्रमुख झाले, आणि वरच्या उत्तरातल्या युरो २०२४ च्या वेळीही तेच प्रमुख होते.

प्रश्न: २०२२ च्या वर्ल्ड कपची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल परत खेळवा अशी पिटिशन माझ्या भावानं साइन केली होती, म्हणे दोन लाखांवर सह्या झाल्या. अशी मॅच परत खेळवता येते का खरंच?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: सह्यांवर नाही. त्या फायनलला मेस्सीच्या १०८व्या मिनिटाच्या गोलच्या वेळी अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू रेषेच्या आत आले होते अशी तक्रार होती, तर रेफरी मार्सिनियाकनं पत्रकारांना मोबाइलवर फोटो दाखवला की एम्बापेच्या एका गोलला फ्रान्सचेही राखीव खेळाडू असेच आत आले होते. विषय संपला.

पण मॅच परत खेळवल्याची उदाहरणं आहेत. रेफरीला एखादी गोष्ट दिसली नाही किंवा त्याचं मत चुकलं तर निकाल तसाच राहतो. नियम लावण्यातच चूक झाली तर मात्र गोष्ट वेगळी. सप्टेंबर २००५, वर्ल्ड कप क्वालिफायिंगचा प्लेऑफ, ताश्कंदला उझबेकिस्तान विरुद्ध बहरीन. उझबेकिस्तान १-० पुढे, त्यांना पेनल्टी मिळाली, गोल झाला, पण त्यांचा एक खेळाडू किक मारायच्या आधीच बॉक्समध्ये घुसला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा वेळी पेनल्टी परत मारायला हवी होती. रेफरीनं बहरीनला इनडायरेक्ट फ्री किक देऊन टाकली. मॅच उझबेकिस्ताननं १-० जिंकली, तरी तक्रार त्यांनीच केली, त्यांना निकाल ३-० हवा होता. फिफानं सरळ मॅचच रद्द करून परत खेळवली. ती १-१ झाली, बहरीनमधली ०-० झाली आणि दुसऱ्याच्या मैदानावर केलेल्या गोलला जास्त मोल असल्यानं बहरीन पुढे गेलं. जिंकलेली मॅच तक्रार करून घालवणं, ताश्कंदच्या फॅन्सनी ते कसं पचवलं असेल!

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिका-सेनेगलचं. २०१६ च्या मॅचमध्ये गुडघ्याला लागलेल्या बॉलवर हँडबॉलची पेनल्टी दिली गेली, पुढे रेफरीवर मॅच फिरवल्याचा ठपका येऊन आजन्म बंदी आली आणि २०१७ मध्ये मॅच परत झाली.

प्रश्न: मग आमच्या इंडियाच्या मॅचला हे का झालं नाही? कतारविरुद्धचा बॉल रेषेबाहेर गेला होता. मडगावात आम्ही सगळे एकत्र बघत होतो, सगळे उभे राहिले. आजही त्याबद्दल बोलताना त्रास होतो.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: मलाही होतो. ११ जून २०२४, दोहा, जिंकलो असतो तर वर्ल्ड कप क्वालिफायिंगच्या तिसऱ्या राउंडला पहिल्यांदा पोचलो असतो, म्हणजे नाव ग्रुप मॅच असलं तरी आपल्यासाठी ती नॉकआउटच होती. छांगटेनं ३७व्या मिनिटाला गोल केलेला. ७३व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतनं बॉल अडवला, तो घरंगळत गोललाइनच्या बाहेर गेला, आपली पोरं कॉर्नर होईल म्हणून थांबली, आणि कतारच्या खेळाडूनं पायानं बॉल आत ओढला व युसुफ आयमननं जाळ्यात घातला. रेफरी, लाइन्समन, कुणालाच बाहेर गेलेला दिसला नाही. त्या राउंडला व्हीएआर नव्हतं. नंतर ८५व्या मिनिटाला दुसरा गोल बसला आणि आपण बाहेर.

उझबेकिस्तानचं उदाहरण इथे लागू पडत नाही कारण बॉल बाहेर होता की आत हा बघण्याचा प्रश्न आहे, आणि गोलनंतर सेंटरवरून खेळ सुरू झाला की रेफरीला स्वतःला चूक कळली तरी तो मागे जाऊ शकत नाही. एआयएफएफनं (आपल्या देशाच्या फुटबॉल संघटनेनं) तक्रार केली, हाती काही लागलं नाही. आता हे शेजारी ठेवून बघा: २०२२ च्या वर्ल्ड कपला स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमानं बॉल रेषेवरून मागे फिरवला, डोळ्यांना बाहेर वाटत होता, पण बॉलची कड वरून दोनेक मिलिमीटर रेषेवर होती असं कॅमेऱ्यांनी दाखवलं आणि गोल मिळाला. नियम तोच, मोठ्या देशांच्या मॅचला मिलिमीटर मोजायची यंत्रं आणि आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मॅचला एक जोडी डोळे. मडगाव असो की कोलकाता, फॅन्सनी मागणी करायची तर हीच करावी, की ज्या राउंडमधून टीम कायमची बाहेर जाते तिथे निदान गोललाइनवर कॅमेरा हवा.

प्रश्न: माझा मुलगा दहावीत आहे. मॅच हरली की तो रेफरीच्या इन्स्टाग्रामवर जाऊन घाण घाण लिहितो. म्हणतो, सगळेच लिहितात. मी फुटबॉल बघत नाही, त्याला काय सांगू?
(एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, त्याला रेफरी उर्स मायर यांच्याबद्दल सांगा. युरो २००४, लिस्बन, इंग्लंड-पोर्तुगाल क्वार्टर फायनल. शेवटच्या मिनिटांत इंग्लंडच्या सोल कॅम्पबेलचा गोल मायर यांनी रद्द केला, कारण इंग्लंडच्याच टेरीनं पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डोला अडवलं होतं. इंग्लंड पेनल्टी शूटआउटमध्ये हरलं. इंग्लंडच्या पेपरांनी या स्विस माणसाच्या मागे हात धुवून लागायचं ठरवलं, त्यांना हजारो शिव्यांचे ईमेल गेले, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. आणि तो निर्णय बरोबर धरता येईल असा होता!

मुलाला गप्प बसवू नका, त्याचा राग खरा आहे. त्याला म्हणा की चुकलं कुठे ते लिही, मिनिट लिही, नियम लिही. आम्हाला पाठव म्हणा, छापू.

प्रश्न: पेनल्टी शूटआउटला अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ जे करतो ते चालतं का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: २०२२ च्या फायनलला त्यानं फ्रान्सच्या चुआमेनीच्या किकआधी बॉल लांब फेकला, चुआमेनीनं बाहेर मारली. २०२३ पासून नियमातच लिहिलंय की गोलकीपरनं किक मारणाऱ्याचं लक्ष अन्याय्यपणे विचलित करायचं नाही, उशीर करायचा नाही, पोस्ट, बार, जाळीला हात लावायचा नाही. रेषेवर नाचायला बंदी नाही, फक्त किक मारताना निदान एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेच्या मागे हवा.