नामशेष प्राण्याच्या जागी कोण येतो?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नामशेष झालेला ‘डायर वुल्फ’ हा लांडगा पुन्हा जन्माला घातल्याची घोषणा एका अमेरिकी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये केली, आणि आता मॅमथ या हत्तीसारख्या केसाळ, नामशेष प्राण्याचीही तयारी चालू आहे. माणसाने जे प्राणी संपवले ते परत आणणे हे त्याचे कर्तव्यच नाही का? माझ्या नातवाला तर थेट डायनोसॉरच हवा आहे.

उत्तर : कर्तव्याचा प्रश्न आपण योग्यच उपस्थित केला आहे, परंतु त्याआधी ‘परत आणणे’ या शब्दांची थोडी झडती घ्यावी लागेल. कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने राखाडी लांडग्याच्या पेशी घेतल्या, जुन्या हाडांतून वाचलेल्या डीएनएच्या आधारे त्यांच्या १४ जनुकांत २० बदल केले आणि पाळीव कुत्रींच्या गर्भाशयात ती पिल्ले वाढवली. पिल्ले पांढरीशुभ्र आणि दणकट आहेत, यात शंका नाही. मात्र हे बदल केलेले राखाडी लांडगेच आहेत, हे कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञांनीही पुढे मान्य केले. म्हणजे परत आला तो पूर्वीचा प्राणी नव्हे, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा.

खऱ्या अर्थाने नामशेष प्राण्याचा क्लोन, म्हणजे त्याच्याच पेशीपासून घडवलेली जनुकीय प्रत, जन्माला आला तो २००३ मध्ये, स्पेनमध्ये. पिरेनीज पर्वतातील बुकार्डो या रानबकरीची शेवटची मादी, सेलिया, जानेवारी २००० मध्ये कोसळलेल्या झाडाखाली मृतावस्थेत सापडली. आदल्या वर्षी तिच्या कानातून घेतलेल्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांपासून तयार केलेले अनेक भ्रूण दुसऱ्या जातीच्या माद्यांमध्ये रुजवण्यात आले, त्यांतून एकच करडू जिवंत जन्मले, आणि फुप्फुसातील व्यंगामुळे काही मिनिटांतच त्याने श्वास सोडला. ते जगले असते तरी काय झाले असते, हा विचार मला अधिक अस्वस्थ करतो. पेशी मादीच्या होत्या, नर जगात एकही उरला नव्हता. पुन्हा एकदा आपल्या जातीची शेवटची मादी म्हणूनच तिला आयुष्य काढावे लागले असते. दरम्यान २०१४ पासून पिरेनीजच्या फ्रान्सकडील बाजूस स्पेनमधील जवळच्या उपप्रजातीच्या रानबकऱ्या आणून सोडण्यात आल्या आणि त्या तेथे रुळल्या. हे सारे प्रयोगशाळेची पायरी न चढता झाले.

मॅमथच्या बाबतीत अडचण आईपासूनच सुरू होते. त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे आशियाई हत्ती, आणि तो स्वतःच संकटात आहे. हत्तीण सुमारे २२ महिने गर्भ वाहते आणि बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते. अयशस्वी होण्याचीच शक्यता अधिक असलेल्या प्रयोगासाठी तिची कूस अडकवून ठेवणे मला पटत नाही. शिवाय पाणी कोठे शोधावे, कोणापासून सावध राहावे, हे हत्तीचे पिल्लू कळपातील थोरल्या माद्यांकडून शिकते. केसाळ कातडी जनुकांत लिहिता येईल, पण मॅमथाला मॅमथपण शिकवणारी आजी कोठून आणायची?

आता कर्तव्याकडे येतो. उत्तर अमेरिकेतील प्रवासी कबुतरांचे थवे कधीकाळी अब्जावधींच्या संख्येने उडत. शिकारीने ते संपले आणि मार्था ही शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली. प्रचंड वसाहती करून वीण घालणाऱ्या या पक्ष्याची पिंजऱ्यातील दहा-वीस पिल्ले कोणते ऋण फेडणार? ऋण मी नाकारत नाही. ते मेलेल्यांना परत करता येत नाही, जिवंतांनाच करता येते, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून या तंत्राला माझा विरोध नाही, त्याच्या रोखाला आहे. काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसाएवढा अमेरिकी शिकारी प्राणी अवघ्या सात जणांच्या वंशातून वाढवला गेला आणि त्यामुळे त्याच्यातील आनुवंशिक वैविध्य आक्रसले. या सातांत नसलेल्या, विला नावाच्या मादीच्या १९८८ पासून गोठवलेल्या पेशींतून २०२० मध्ये क्लोन जन्मला, आणि २०२४ मध्ये विलाच्याच दुसऱ्या एका क्लोनने पिल्लांना जन्म दिला. हरवलेले वैविध्य असे वंशात परतण्याची वाट मोकळी झाली. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याच्या तर केनियात दोनच माद्या उरल्या आहेत, शेवटचा नर २०१८ मध्ये गेला. गोठवलेल्या शुक्राणूंपासून भ्रूण तयार करण्याची तेथील धडपड मला मॅमथपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. पैसा, माणसे आणि लोकांचे कुतूहल आधी येथे वळावे.

नातवाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, जरी त्याला ते आवडणार नाही. डायनोसॉर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए, ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा डायनोसॉर नाही. मात्र पक्षी हे डायनोसॉरांचेच वंशज आहेत, त्यामुळे खिडकीवर येणाऱ्या चिमणीचे पाय त्याला एकदा नीट निरखायला सांगावे.